दोनदा साहेब आणि तेल्हाऱ्याचा पाऊस

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. कोणी साहेबांचा विषय काढला की मी चहा मागवायचो, आणि चहा आला की साखरेबद्दल बोलायचो. आमच्या निवृत्तांच्या मंडळात एकदा ‘माझे वरिष्ठ’ या विषयावर प्रत्येकानं पाच मिनिटं बोलायचं ठरलं, तेव्हा मी दाढ दुखते म्हणून घरी राहिलो. दाढ खरी वाटावी म्हणून दोन दिवस घरातही मऊ भात खाल्ला. आता सत्तरी ओलांडली आहे, दाढाही उरल्या नाहीत. तेव्हा जे झालं ते जसं झालं तसं लिहून टाकतो.

साहेबांना अख्खं वकील मंडळ ‘दोनदा साहेब’ म्हणायचं. कारण ते प्रत्येक निकाल दोनदा वाचायचे. एकदा इंग्रजीत, कायद्यासाठी. आणि एकदा वऱ्हाडीत, ज्याचा निकाल आहे त्याच्यासाठी. नुसता शेवटचा हुकूम नाही, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. इतर न्यायाधीश ‘अर्ज मंजूर’ किंवा ‘अर्ज फेटाळला’ एवढं म्हणून पुढचं प्रकरण घेतात. आमच्या साहेबांचा एक निकाल सुरू झाला की वकील लोक खाली जाऊन पोहे खाऊन, पान लावून परत येत, आणि साहेब सतराव्या पानावर असत.

आमचं न्यायालय म्हणजे अमरावतीतलं केंद्र सरकारचं एक लहानसं न्यायालय. वऱ्हाडातल्या पाच जिल्ह्यांत केंद्राच्या खात्यांमध्ये जे लोक नोकरी करत, त्यांची नोकरीची गाऱ्हाणी तिथं चालत. न्यायाधीश एकच. महिन्यातून दोन शुक्रवार बैठक अकोल्याला व्हायची. मी साहेबांचा पेशकार होतो. म्हणजे न्यायासनाच्या खाली टेबल टाकून बसायचं, फाईल वर द्यायची, तारीख लिहायची आणि दुसऱ्या दिवशी कोणती प्रकरणं चालणार त्याची यादी करायची. त्या यादीला आम्ही बोर्ड म्हणायचो. बोर्डावर जे नाही ते त्या दिवशी न्यायालयात नाही. न्यायाधीश कितीही मोठा असला तरी बोर्ड पेशकार बनवतो. हे सूत्र मी नवीन कारकुनांना फार ऐटीत सांगायचो.

साहेब मूळचे अचलपूरचे. वडील शिंपी. त्यांच्या दुकानात एक रीत होती, ती साहेब आम्हाला पुन्हा पुन्हा सांगत. सदरा शिवून झाला की गिऱ्हाइकाला तो घालायला लावायचा आणि गल्लीच्या टोकापर्यंत चालवून आणायचं. काखेत लागतो का, गळ्याशी आवळतो का, ते तिथंच कळायचं. “अब्बा घडी करून कपडा कोनाले देतच नव्हते,” साहेब म्हणायचे. “म्या बी निकाल घडी करून नाई देत, इंगळे. ज्याचा आहे त्याच्या अंगात घालून पाहतो. कुठं लागला तं त्यानं तिथंच सांगावं.” आणि लोक सांगतही. खामगावच्या एका बाईनं भर न्यायालयात साहेबांना थांबवलं होतं. “साहेब, तिथं माह्या नवऱ्याचं नाव चुकलं.” साहेबांनी पेन काढलं, नाव दुरुस्त केलं, बाईंना विचारलं, “आता बसलं का बरोबर?” बाई म्हणाल्या, “हो, आता वाचा पुढं.” आणि साहेब वाचू लागले.

या रीतीला जोडून त्यांचा एक नियम होता. निकाल टंकून तयार असला तरी सही करायची नाही. आधी वाचायचा, ऐकणाऱ्याचं समाधान पाहायचं, मग सही. तोवर तो त्यांच्या लेखी नुसता कागद. हा नियम लक्षात असू द्या. मी तो पाच वर्षं रोज पाहत होतो, त्यामुळे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

एकदा अकोल्याहून परत येताना मूर्तिजापूरच्या स्टँडसमोर साहेबांनी गाडी थांबवायला लावली. त्या दिवशी ज्याचा निकाल वाचायचा होता तो माणूस एसटी पंक्चर झाल्यामुळे पोहोचलाच नव्हता, आणि आता तोच स्टँडबाहेर पेरू खात उभा. साहेब खाली उतरले. फाईल मागितली. पेरूच्या गाडीवर फाईल ठेवून त्यांनी निकाल वऱ्हाडीत वाचायला सुरुवात केली. पाहता पाहता चाळीसेक माणसं जमली. एकानं मला विचारलं, “काय वाटून राहिले, भाऊ?” मी म्हटलं, न्याय. तो म्हणाला, “मंग लाईन कुठून हाय?” निकाल त्या माणसाच्या विरुद्ध गेला होता. पण सगळा ऐकून तो म्हणाला, “आता समजलं साहेब, माहीच चूक व्हती,” आणि साहेबांना दोन पेरू दिले. साहेबांनी ते घेतले नाहीत. पेरूवाल्यानं मात्र फाईलखाली दबलेल्या पेरूंबद्दल तक्रार केली.

आता तेल्हाऱ्याचं प्रकरण सांगतो.

तेल्हारा तालुक्यातल्या एका गावी नामदेवराव नावाचे गृहस्थ होते. केंद्राच्या एका खात्यानं त्यांच्या आवारात पाऊस मोजायचं नळकांडं बसवलं होतं. रोज सकाळी साडेआठला त्यात किती पाणी आहे ते पाहायचं आणि कळवायचं, एवढीच नोकरी. बावीस वर्षं त्यांनी ती केली. मुलाच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा वरातीतून निघून पाऊस मोजून आले होते म्हणतात. एका फेब्रुवारीत त्यांनी चौदा मिलिमीटर पाऊस कळवला. नेमके त्याच दिवशी वरून दोन अधिकारी तपासणीला आले. तेल्हाऱ्यात कोरडं. रस्त्यात कोरडं. गावात शिरले तर अर्धं गाव कोरडं. नळकांड्यातलं पाणी त्यांनी हुंगून पाहिलं आणि ते हंड्यातलं आहे असा शेरा मारला. न पडलेला पाऊस नोंदवला या आरोपावरून नामदेवरावांना काढून टाकलं. गावात त्यांना लोक हाक मारू लागले, “काय नामदेवराव, आज कुठं पाडला?” नातवालाही शाळेत पोरं ‘बिनपावसाचा’ म्हणायची.

नामदेवराव आमच्या न्यायालयात आले ते नोकरी परत मागायला नाही. निवृत्तीचं वय तोवर झालंच होतं. ते म्हणाले, “साहेब, पाऊस पडला व्हता एवढं कोनीतरी कागदावर लिहा.”

साहेबांनी हे प्रकरण असं चालवलं की वकीलही पोहे सोडून बसू लागले. साक्षीदार कोण, तर नामदेवरावांच्या शेजारच्या बाई. त्या सकाळी त्यांनी गच्चीवर कुरडया वाळत घातल्या होत्या, त्या भिजल्या. सरकारी वकिलांनी विचारलं, “तुमच्या कुरडया भिजल्या आणि समोरच्या घरच्या नाही, हे कसं?” बाई म्हणाल्या, “तिच्या घरी कोन करते कुरडया? ते तं इकत आनते.” समोरच्या घरच्या बाई प्रेक्षकांतच होत्या. त्या उभ्या राहिल्या. पुढची दहा मिनिटं न्यायालयात पाऊस सोडून सगळ्याची उलटतपासणी झाली. साहेबांनी दोघींनाही बोलू दिलं, आणि शेवटी समोरच्या बाई रागाच्या भरात म्हणाल्या, “भिजल्या तं भिजल्या, भिजल्या कुरडयाच तिनं मले होळीले देल्ल्या!” साहेबांनी मान डोलावून तेवढं वाक्य लिहून घ्यायला सांगितलं. विरुद्ध बाजूनंच पाऊस कबूल केला होता.

बेचाळीस पानांचा निकाल झाला. शेवटच्या पानावर लिहिलं होतं की त्या दिवशी, त्या जागी, पाऊस पडला होता, आणि नोंद खरी आहे. साहेबांच्या निवृत्तीच्या आदल्या दिवशी टंकलेली प्रत माझ्या टेबलावर आली. साहेब म्हणाले, “इंगळे, उद्या बोर्डावर पहिलं तेल्हाऱ्याचं घ्या. हा वाचून मी मोकळा.”

मी बोर्ड बनवायला बसलो, आणि हिशेब केला. बेचाळीस पानं, दोनदा. मध्ये नामदेवराव काहीतरी विचारणार. संध्याकाळचे सहा सहज वाजणार. आणि निरोप समारंभ होता पाचला. नागपूरहून मोठे पाहुणे येणार होते आणि साडेसहाला त्यांना निघायचं होतं. हे सगळं खरं आहे, पण खरं कारण हे नाही. खरं कारण असं की साहेबांचं मानपत्र मी लिहिलं होतं. अडीच पानं. तीन रात्री जागून. चौकट करून आणली होती, आणि ती मीच वाचणार होतो. वेळ कमी पडला असता तर ‘मानपत्र वाचले असे समजावे’ म्हणून चौकट नुसती हातात दिली असती. एकतीस वर्षं मी त्या न्यायालयात दुसऱ्यांचं वाचन ऐकत आलो होतो.

मी तेल्हाऱ्याचं प्रकरण बोर्डावर घेतलं नाही. नवीन न्यायाधीशांचा हुकूम निघाला होता, सोमवारी येणार होते. चार दिवसांचा तर प्रश्न, असं मनाशी म्हटलं. सही नसलेला कागद नवीन न्यायाधीशाच्या काही कामाचा नसतो, सगळं पुन्हा ऐकावं लागतं, हे मी स्वतःला आठवू दिलं नाही.

शेवटच्या दिवशी सकाळी दहाला नामदेवराव धुतलेलं धोतर नेसून हजर. मी त्यांना म्हटलं, “आज बोर्डावर नाही. तुम्ही समोरच्या चहाच्या टपरीवर बसा, मी बोलावतो.” दुपारी साहेबांनी बोर्ड पाहिला. “इंगळे, तेल्हाऱ्याचं काहून नाई?”

“त्यांचे वकील आजारी आहेत साहेब. तारीख मागितली.”

“वकील कायले लागते? नामदेवरावाले बोलवा, त्यायच्यासमोर वाचतो.”

“तेही आले नाहीत साहेब. लांबून यायचं ना.”

साहेब थोडा वेळ दाराकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “पाहा बाप्पा वाट. साडेपाचपर्यंत मी न्यायाधीश आहो.”

साडेपाच वाजले तेव्हा मी मानपत्राच्या दुसऱ्या पानावर होतो. त्यात माझंच एक वाक्य होतं, ‘आपण एकही निकाल मागे ठेवून जात नाही.’ वाक्य चौकटीत काचेखाली होतं, बदलणार कसं? मी ते वाचलं. टाळ्या झाल्या. साहेब खुर्चीतून उठले आणि माईक ओढून म्हणाले, “एक राहिला. तेल्हाऱ्याचा.” लोकांना वाटलं विनय आहे. आणखी मोठ्या टाळ्या झाल्या. पाहुण्यांनी तर डोळे टिपले.

तेवढ्यात आमचा पट्टेवाला गजानन, त्याला काहीच माहीत नव्हतं, टपरीवर बसलेल्या नामदेवरावांना नाश्त्यासाठी आत घेऊन आला. साहेबांनी त्यांना पाहिलं. गळ्यात तीन हार, हातात नारळ. त्यांनी घड्याळ पाहिलं. “नामदेवराव! अहो, दहा मिनिटं अगोदर आले असते तं इथंच वाचला असता!” नामदेवराव सकाळी दहापासून समोर होते. पण हार घातलेल्या न्यायाधीशाला खोटं कोण पाडेल? ते हात जोडून म्हणाले, “हो साहेब.” मग त्यांना प्लेट दिली. चिवडा, गुलाबजाम. समूह फोटोत ते मागच्या रांगेत आले आहेत, निकालासाठी आणलेली कोरी पिशवी छातीशी धरून.

सोमवारी नवीन न्यायाधीश आले नाहीत. त्यांचा हुकूम रद्द झाला होता. दुसरे नेमले, त्यांना अमरावती कुठल्या राज्यात आहे ते कळायला पंधरा दिवस लागले आणि कळल्यावर त्यांनी रजा टाकली. तिसऱ्यांच्या स्वागताला आम्ही गुच्छ घेऊन स्टेशनवर गेलो. ते गाडीतून उतरले, फोन वाजला, बदलीचा हुकूम आला होता. त्यांनी गुच्छ घेतला, आभार मानले आणि त्याच गाडीत परत चढले. चौथे आले, बसले, आणि अकराव्या दिवशी निवृत्त झाले. त्यांचंही मानपत्र मलाच लिहायला सांगितलं. अकरा दिवसांवर मी अर्धं पान लिहिलं.

मधल्या काळात न्यायालय बंद ठेवायचा हुकूम नव्हता. म्हणून ते चालू होतं. अकराला गजानन आतल्या दाराचा पडदा बाजूला करून ओरडायचा, सगळे उभे राहायचे, रिकाम्या खुर्चीला मान लववायचे आणि बसायचे. मी खुर्चीच्या दिशेनं फाईल वर धरायचो, मग खाली घ्यायचो आणि पुढची तारीख लिहायचो. खुर्चीवरचा पंखा चालू असे. एका नवीन वकिलानं तासभर त्या खुर्चीपुढे युक्तिवाद केला. बाहेर येऊन म्हणाला, “आज साहेबांनी मध्ये एकदाही टोकलं नाही.” महिन्यातले दोन शुक्रवार अकोल्याची बैठक मंजूर होती, म्हणून गाडीही जायची. मागची सीट रिकामी, पुढे ड्रायव्हर, मी आणि फायली. अकोल्यात खोली उघडायची, तारखा द्यायच्या, जेवायचं आणि परत यायचं. गजानन एकदा म्हणाला, “इंगळे साहेब, खुर्चीच पाठवून देली असती तं पेट्रोल वाचलं असतं.”

निवृत्तीनंतर दीड महिन्यानं साहेब कार्यालयात आले. सोबत नामदेवराव आणि त्यांचे वकील. नामदेवराव वकिलांसोबत साहेबांच्या घरी विचारायला गेले होते, आणि बोलता बोलता निघालं की ते त्या दिवशी सकाळपासून आले होते आणि वकील ठणठणीत होते.

साहेबांनी अगदी साधेपणानं विचारलं. “इंगळे, तुमी मले म्हटलं व्हतं ना, वकील आजारी हाये म्हनून?”

खोलीत आठ माणसं होती. माझी नोकरी तीन वर्षं राहिली होती. चौकशी, निलंबन, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. मी म्हणालो, “नाही साहेब. मी असं कसं म्हणेन? तुम्हीच म्हणालात, आज वेळ नाही, त्यांना बाहेर बसवा, नवीन साहेब वाचतील.”

“म्या म्हटलं?”

“हो साहेब.”

“कधी?”

इथं थांबता आलं असतं. पण खोटं बोलणाऱ्याला बारकावे सुचतात. मी म्हणालो, “डब्याच्या वेळेला. तुम्ही जवसाची चटणी वाढून घेत होता.”

साहेबांच्या डब्यात रोज जवसाची चटणी असायची. ते माझ्याकडे पाहत राहिले, संशयानं नाही, आपल्याच डोक्यात काही शोधत असल्यासारखे. मग ते नामदेवरावांकडे वळले. “नामदेवराव, मले अजिबात आठवत नाही. पन इंगळे म्हणतात तं तसंच असंल. चूक माही आहे.” जाताना नामदेवरावांनी साहेबांना नमस्कार केला नाही. पाच वर्षांत मी पहिल्यांदा पाहिलं की कोणी पक्षकार साहेबांना नमस्कार न करता गेला.

त्या दिवसापासून साहेबांनी स्वतःवर विश्वास ठेवणं सोडलं. खिशात एक छोटी वही आली. तिच्यात ‘गॅस बंद केला’, ‘किल्ली डाव्या खिशात’, ‘पेपरवाल्याशी बोललो, पावसाबद्दल’ असं लिहायचे. स्कूटर विकून टाकली. रस्ता विसरलो तर काय, म्हणाले. नागपूरला जाऊन डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टरांनी शंभरातून सात सात वजा करायला लावलं, साहेबांनी शून्याखाली जाऊन उणे चाळीसपर्यंत केलं. डॉक्टर म्हणाले, तुम्हाला काही झालेलं नाही. हे साहेबांनी मला बाजारात भेटल्यावर सांगितलं आणि वर म्हणाले, “पन डॉक्टर मले पंधरा मिनटं ओळखते, इंगळे. तुमी पाच वर्षं माह्यासमोर बसले.”

मी हातातली मेथीची जुडी पाहत राहिलो. जुडी चांगली होती.

त्यानंतर दिल्लीहून पत्र आलं. कायमचा न्यायाधीश मिळेपर्यंत साहेबांनी पुन्हा वर्षभर काम पाहावं, अशी विनंती. ते पत्र आमच्या कार्यालयामार्फतच गेलं आणि उत्तरही आमच्यामार्फतच आलं. साहेबांनी लिहिलं होतं की आपली स्मरणशक्ती भरवशाची राहिलेली नाही, ज्याला आपलं बोलणं आठवत नाही त्यानं दुसऱ्याचा न्याय करू नये. त्या उत्तरावर ‘पुढील कार्यवाहीसाठी सादर’ असं लिहून खाली सही मी केली. साहेब आले असते तर पहिल्याच दिवशी तेल्हाऱ्याचं प्रकरण वाचलं गेलं असतं. माझ्या एका खोट्यामुळे निकाल राहिला, निकाल राहिला म्हणून दुसरं खोटं, आणि त्या खोट्यामुळे निकाल वाचू शकणारा एकुलता एक माणूस परत आला नाही. गजानन त्यानंतरही दोन वर्षांहून जास्त रिकाम्या खुर्चीचा पुकारा करत राहिला.

माझ्या निवृत्तीला महिना असताना एक न्यायाधीश बाई खरोखर आल्या आणि खरोखर राहिल्या. वयानं लहान, कामाला वाघीण. तेल्हाऱ्याचं प्रकरण त्यांनी नव्यानं ऐकलं. कुरडयावाल्या बाई पुन्हा आल्या, आता समोरच्या बाईशी त्यांचं बोलणं सुरू झालं होतं, त्यामुळे साक्ष चार मिनिटांत आटोपली. निकालाच्या दिवशी न्यायाधीश बाई म्हणाल्या, “अर्ज मंजूर. पुढचं.”

नामदेवराव उभेच राहिले. मी खुणेनं त्यांना बाहेर जायला सांगितलं. त्यांनी मला हळूच विचारलं, “झालं?”

“झालं. तुम्ही जिंकलात.”

“पन पाऊस?”

“आहे त्यात. पान सहा.”

निकालाची प्रत घेऊन ते जिन्यावर बसले. इंग्रजी होती. सहावं पान त्यांनी बोटानं चाचपून पाहिलं. मग उठून म्हणाले, “साहेबाचं घर कोन्या बाजूले हाये? मले एकट्याले सापडत नाई.”

मी त्यांना ऑटोत घालून साहेबांच्या घरी नेलं. मनाशी पक्कं ठरवलं होतं, आज सांगायचं. नामदेवराव समोर आहेत, साहेब समोर आहेत, दोघांना एकदाच सांगायचं. साहेब ओसरीत वही घेऊन बसले होते. नामदेवरावांनी प्रत पुढे केली. “साहेब, हे तुमी लेहेलं नाई, मले माईत हाये. पन वाचून तेवढं द्या.”

साहेबांनी चष्मा पुसला. आधी इंग्रजीत वाचलं, सहाच पानं होती. मग वऱ्हाडीत. “तं नामदेवराव, ऐका. त्या दिवशी तुमच्या अंगनात पाऊस पडला व्हता. तुमी जे लिहिलं ते खरं लिहिलं. हे म्या नाई, सरकारचं कोर्ट म्हनते.” नामदेवरावांनी ते वाक्य आणखी एकदा वाचायला लावलं. साहेबांनी वाचलं. मग त्यांनी विचारलं, “कुठं लागते का?” नामदेवराव म्हणाले, “नाई साहेब. बराबर बसला.” आणि वाकून नमस्कार केला. ते एसटी गाठायला निघून गेले, मी मात्र बसून राहिलो.

मी म्हणालो, “साहेब, तुम्हाला एक सांगायचं होतं. त्या दिवसाचं.”

साहेबांनी हात वर केला. “तुमी बोलू नका. आधी मी बोलतो. हे वहीत लिहून ठेवलं व्हतं, तुमी भेटले का म्हनायचं म्हनून.” त्यांनी वही उघडून पान काढलं. “इंगळे, त्या दिवशीची माही चूक तुमी कधी कागदावर आनली नाई. दुसरा असता तं वरती कळवून मोकळा झाला असता. माही अब्रू तुमी राखली. तुमचे उपकार आहेत माह्यावर.” मग पेन काढून त्या ओळीवर खूण केली. म्हणायचं होतं ते म्हणून झालं होतं.

मी म्हणालो, “त्यात काय साहेब.”

एवढंच म्हणालो. साहेबांच्या पत्नीनं, आमच्या मॅडमनी, चहा आणला, तो प्यालो. बशीसुद्धा पालथी घालून ठेवली.

त्यानंतर मी सहा वेळा त्या घरापर्यंत गेलो. दोनदा आतही गेलो. एकदा टोमॅटोच्या भावावर बोललो, एकदा त्यांच्या मोतीबिंदूवर. दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात ते गेले. अचलपूरला वडिलांशेजारी त्यांना माती दिली. मी गर्दीत मागे उभा होतो. मॅडमनी मला पाहून लोकांना ओळख करून दिली, “हे इंगळे. ह्यांच्यावर त्यांचा फार भरवसा होता.” मी मान लववली.

जे त्या ओसरीत म्हणायचं होतं ते पाठ आहे, अजून आहे. साहेब, तुमी काहीच विसरले नव्हते. तुमी मले विचारलं व्हतं, तेल्हाऱ्याचं काहून नाई. म्या खोटं बोललो. चटनीचंही खोटं. मले माफ करा.